कोळशाच्या भट्टीत तुराट्या : बायोमास सहज्वलन म्हणजे काय आणि मैंदर्गीच्या शिवाराशी त्याचा काय संबंध?

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून मैंदर्गी हे छोटे नगरपरिषदेचे गाव आहे. इथे मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात. शिवारात तूर, उडीद, ज्वारी आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस दिसतो. जवळच्या दुधनीची बाजार समिती तुरीसाठी ओळखली जाते. सीमेपलीकडचा कलबुर्गी जिल्हा तर तुरीचे कोठारच मानला जातो. तिथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत या पट्ट्यात तुरीच्या राशी होतात. दाणे बाजारात जातात, भुसकट जनावरांना जाते आणि मागे उरतात तुराट्या. त्यातल्या काही चुलीला लागतात, काही कुंपणाला आणि कुडाला. उरलेल्या अनेकदा बांधावर ढीग करून पेटवल्या जातात.

या शिवारापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आहेरवाडी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण १,३२० मेगावॅट. हे केंद्र कोळशावर चालते आणि तो कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने येतो.

एका बाजूला जळण वाया जाते आणि दुसऱ्या बाजूला शेकडो किलोमीटरवरून जळण आणले जाते. या दोन टोकांना जोडण्याच्या पद्धतीला बायोमास सहज्वलन म्हणतात. कल्पना सोपी आहे, पण ती प्रत्यक्षात आणताना कुठे अडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

सहज्वलन म्हणजे नेमके काय?

बायोमास म्हणजे जैवभार. पिकांचे अवशेष, लाकडाचा भुसा, टरफले, उसाचे चिपाड अशा वनस्पतिजन्य वस्तू त्यात येतात. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये किंवा भट्टीत थोडा कोळसा कमी करून त्या जागी बायोमास जाळणे म्हणजे सहज्वलन. त्यासाठी नवी भट्टी उभारावी लागत नाही. भट्टी, वाफेच्या नळ्या, टर्बाइन आणि चिमणी आहे तीच राहते. बदलतो तो जळणाचा काही भाग.

हे करण्याच्या तीन पद्धती आहेत.

• थेट पद्धत : बायोमासच्या गोळ्या कोळशात मिसळून एकाच भट्टीत जाळतात. सर्वात स्वस्त आणि भारतात प्रामुख्याने वापरली जाणारी पद्धत हीच.

• अप्रत्यक्ष पद्धत : बायोमासपासून आधी ज्वलनशील वायू तयार करतात आणि तो कोळशाच्या भट्टीत सोडतात. राख वेगळी राहते, पण खर्च वाढतो.

• समांतर पद्धत : बायोमाससाठी वेगळा बॉयलर असतो. त्याची वाफ कोळशाच्या बॉयलरच्या वाफेला जोडली जाते.

ही गोष्ट नवी आहे का?

नाव नवे आहे, काम जुने आहे. उसाच्या गुऱ्हाळात चुलवणाला वाळलेली चिपाडेच घालतात. रस काढल्यावर उरलेला चोथा त्याच रसाचा गूळ करायला पुरतो. साखर कारखान्यात याच चोथ्याला बगॅस म्हणतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघते. ती बॉयलरमध्ये जाळून कारखाने वाफ आणि वीज तयार करतात. जास्तीची वीज ग्रीडला विकणारे सहवीज प्रकल्प सोलापूर जिल्ह्यात बरेच आहेत.

वीटभट्ट्यांवरही कच्च्या विटांच्या थरांमध्ये दगडी कोळशाच्या चुरीसोबत बगॅस किंवा भाताचे तूस घालण्याची पद्धत महाराष्ट्रात चालत आली आहे. म्हणजे कोळसा आणि शेतातला कचरा एकत्र जाळणे कामगारांना माहीत होतेच. मोजमाप, नियम आणि मोठ्या वीज केंद्रातला वापर या गोष्टी नव्या आहेत.

सरकारचा नियम काय सांगतो?

एनटीपीसीने २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दादरी केंद्रात कोळशासोबत बायोमासच्या गोळ्या जाळून पाहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना ५ ते १० टक्के बायोमास मिसळण्याचा सल्ला देणारे धोरण जाहीर केले. दिल्लीच्या हवेत दर हिवाळ्यात मिसळणारा पंजाब-हरियाणातल्या भाताच्या पेंढ्याचा धूर, हे त्यामागचे मोठे कारण होते.

ऑक्टोबर २०२१ च्या सुधारित धोरणाने सल्ल्याची सक्ती केली. कोळशावरच्या औष्णिक केंद्रांनी ५ टक्के बायोमास वापरावा आणि पुढे काही प्रकारच्या केंद्रांनी तो ७ टक्क्यांवर न्यावा, असे ठरले. पण तेवढ्या गोळ्या बाजारात नव्हत्या. जून २०२३ मध्ये मुदत पुढे नेली गेली : २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के.

हे काम पुढे नेण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये एक राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे नाव 'समर्थ'. अक्कलकोट परिसरातल्या वाचकांना ते लगेच ओळखीचे वाटेल, पण इथे ते मोहिमेच्या लांबलचक इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांपासून बनले आहे.

सक्ती फक्त वीज केंद्रांपुरती राहिलेली नाही. पंजाब सरकारने तिथल्या वीटभट्ट्यांना २० टक्के जळण भाताच्या पेंढ्याच्या गोळ्यांचे वापरण्याचे बंधन घातले. ते मे २०२३ पासून लागू झाले.

तुराटी आणि कोळसा : उष्णता कोणात जास्त?

कोळसा म्हणजे दणकट आणि काडीकचरा म्हणजे हलके जळण, असा सर्वसाधारण समज आहे. भारतीय कोळशाच्या बाबतीत तो पूर्ण खरा नाही.

आपल्या वीज केंद्रांत येणाऱ्या देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. एक किलो कोळशातली एक तृतीयांशाहून अधिक माती-दगड जळतच नाही. त्यामुळे अशा कोळशाची उष्णता किलोला साधारण ३,००० ते ४,५०० किलोकॅलरी भरते. नीट वाळवून दाबलेल्या बायोमास गोळ्यांची उष्णता साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरीच्या आसपास असते. म्हणजे देशी कोळसा आणि कोरडी तुराटी उष्णतेत फार लांब नाहीत. आयात केलेला कोळसा मात्र दोघांच्याही पुढे असतो.

फरक पडतो तो जळण्याच्या स्वभावात.

• बायोमास लवकर पेटतो. त्यातला बराच भाग तापल्यावर वायुरूपात बाहेर पडून ज्योतीने जळतो. कोळशात हा भाग कमी असतो, म्हणून तो सावकाश जळतो.

• तुराटीसारख्या काष्ठमय काडीत राख कमी असते. भाताच्या पेंढ्यात ती खूप असते आणि तिच्यात सिलिका असते.

• बायोमासमध्ये गंधक फार कमी असते. त्यामुळे चिमणीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड थोडा घटतो.

• बायोमासच्या राखेत पोटॅशियम आणि काही वेळा क्लोरीन जास्त असते. अशी राख कमी तापमानाला मऊ होते, बॉयलरच्या नळ्यांना चिकटते आणि तिचा कडक थर बसतो. नळ्या गंजण्याचा धोकाही वाढतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मिश्रण ५-७ टक्क्यांवर ठेवले की कोळशाच्या भरपूर राखेत बायोमासची राख विरून जाते आणि नळ्यांचा त्रास आटोक्यात राहतो. प्रमाण बरेच वाढवायचे असेल तर बॉयलरमध्येच बदल करावे लागतात. इंग्लंडमधल्या ड्रॅक्स या प्रचंड मोठ्या वीज केंद्राने २०१३ पासून एकेक संच पूर्णपणे लाकडाच्या गोळ्यांवर नेला, पण त्यासाठी साठवण, वाहतूक आणि बॉयलरची व्यवस्था नव्याने उभी केली. या गोळ्या प्रामुख्याने अमेरिका आणि कॅनडातून समुद्रमार्गे येतात. जंगलाचे लाकूड जाळणे कितपत पर्यावरणस्नेही, यावर तिथे आजही वाद सुरू आहे.

तुराट्या थेट भट्टीत का टाकता येत नाहीत?

मोठ्या वीज केंद्रात कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताने भट्टीत फुंकतात. कोळसा ठिसूळ असतो, दळताना फुटतो. तुराटी तंतुमय असते. ती फुटत नाही, पिंजली जाते. सैल काड्या थेट गिरणीत गेल्या तर गिरणी तुंबते. शिवाय गिरणीतल्या गरम हवेने त्या तिथेच पेट घेऊ शकतात.

म्हणून काड्यांवर आधी प्रक्रिया करावी लागते. पायऱ्या अशा :

१. गोळा करणे : काडी मातीपासून वेगळी ठेवून बांधणे. माती आली की राख वाढते आणि यंत्र झिजते.

२. बारीक करणे : चिरणी यंत्रात किंवा हॅमर मिलमध्ये तुकडे आणि भुसा करणे.

३. वाळवणे : ओलावा साधारण १० ते १४ टक्क्यांपर्यंत आणणे.

४. दाबणे : यंत्रात मोठ्या दाबाखाली भुसा दाबणे. दाब आणि उष्णतेने काडीतला लिग्निन हा नैसर्गिक घटक मऊ होतो आणि तोच डिंकासारखे काम करतो. वेगळा डिंक लागत नाही.

यातून दोन प्रकारचे जळण मिळते. बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक कांड्यांना पेलेट म्हणतात. वीज केंद्रांना त्या लागतात. मनगटाएवढ्या जाड ओंडक्यांना ब्रिकेट म्हणतात. छोट्या बॉयलरवाल्यांच्या बाजारात याच ब्रिकेटला 'व्हाइट कोल' किंवा पांढरा कोळसा म्हणतात.

पेलेट कमी हवेत साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला भाजल्या तर त्या काळपट आणि ठिसूळ होतात, पाणी कमी शोषतात आणि कोळशासारख्या दळल्या जातात. या भाजलेल्या पेलेट काही प्रकारच्या गिरण्या असलेल्या केंद्रांना आवश्यक असतात. अर्थात त्या महाग पडतात.

ओलावा : सगळ्या व्यवहाराची गोम

शेतकरी आणि कारखानदार यांच्यात दर ठरतो तेव्हा वाद होतो तो बहुतेक ओलाव्यावरून.

एक टन तुराटीत ३० टक्के ओलावा असेल तर त्यात ३०० किलो पाणी असते. तोच माल १० टक्क्यांपर्यंत वाळवला की त्याचे वजन सुमारे ७८० किलो उरते. घेणारा म्हणतो, मी पाण्याचे पैसे का देऊ? देणारा म्हणतो, वाळवायला लागलेल्या दिवसांचे आणि जागेचे काय? शिवाय एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. ओले जळण भट्टीत गेले की त्यातली उष्णता आधी स्वतःचेच पाणी उकळण्यात जाते.

म्हणून जाणकार खरेदीदार किलोचा दर न बघता हजार किलोकॅलरीचा दर काढतो. समजा, ३,८०० किलोकॅलरीचे ब्रिकेट ७ रुपये ६० पैसे किलो दराने मिळाले, तर हजार किलोकॅलरीला २ रुपये पडले. तेच ब्रिकेट ओले असून ३,००० किलोकॅलरीचे निघाले, तर त्याच दराने हजार किलोकॅलरीला अडीच रुपयांहून जास्त मोजावे लागतात. मालाचा ओलावा, राख आणि उष्णता तपासून मगच पैसे द्यायची पद्धत त्यामुळेच आली.

एका वीज केंद्राला किती तुराट्या लागतील?

इथे एक ढोबळ हिशेब करून पाहता येतो.

१,३२० मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे ३ कोटी १७ लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ६०० ते ६५० ग्रॅम देशी कोळसा धरला, तर दिवसाला १९ ते २० हजार टन कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज सुमारे १,००० टन पेलेट. दहा टनांच्या ट्रकने आणायच्या तर रोज शंभर ट्रक.

आता शेताकडून पाहू. एका एकरातून साधारण एक टन तुराटी निघते असे धरले आणि वाळवताना होणारी घट सोडून दिली, तरी रोज हजार एकरांतल्या तुराट्या हव्यात. वर्षभराचे गणित साडेतीन लाख एकरांपलीकडे जाते. प्रत्यक्षात केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही, त्यामुळे गरज कमी भरेल. तरीही एका तालुक्याच्या एका पिकावर ती भागणार नाही हे स्पष्ट आहे. वीज केंद्राला सोयाबीनचे काड, कपाशीच्या पऱ्हाट्या, बगॅस, टरफले असे अनेक जिल्ह्यांतून येणारे जळण एकत्र करावे लागते.

दुसरी अडचण काळाची. तूर दोन-तीन महिन्यांत निघते, भट्टी बारा महिने चालते. म्हणजे काड्या आठ-नऊ महिने साठवाव्या लागतात. उघड्यावर ठेवल्या तर पावसात भिजतात, वाळवी लागते. ओलसर ढीग आतून तापतो आणि कधी आपोआप पेटतो. शेड, फिरायला मोकळी जागा आणि आग विझवण्याची सोय हा या धंद्याचा मोठा खर्च आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

तिसरी अडचण आकाराची. सुट्या तुराट्यांनी ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन फारसे भरत नाही. दाबल्यावर तेच जळण पाच-सहा पट कमी जागा घेते. म्हणून काड्या दूर नेऊन दाबणे परवडत नाही. दाबण्याचे यंत्र शेताजवळ हवे.

मग मैंदर्गीसारख्या गावाला कोणती भट्टी जुळते?

वर उल्लेख केलेल्या वीज केंद्राची भूक प्रचंड आहे. पण सोलापूर शहरात आणि आसपास दुसऱ्या भट्ट्याही आहेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलचा धंदा प्रसिद्ध आहे. सूत रंगवायला, कापड धुवायला आणि वाळवायला वाफ लागते आणि ती छोट्या बॉयलरमधून येते. दूध प्रक्रिया, खाद्यतेल आणि औषधनिर्मिती या उद्योगांतही असे बॉयलर असतात.

तासाला ५ टन वाफ देणारा एक बॉयलर घेऊ. त्याला तासाला साधारण एक टन देशी कोळसा लागतो. दोन पाळ्यांत मिळून दिवसाला १५ टनांच्या आसपास. त्यातला २० टक्के कोळसा ब्रिकेटने बदलला, तर रोज ३ टन ब्रिकेट हवे. वर्षातले ३०० दिवस धरले तर सुमारे ९०० टन. वरच्याच हिशेबाने हजारेक एकरांची तुराटी त्याला पुरते. एवढे क्षेत्र एका मोठ्या गावाच्या शिवारात आणि आसपासच्या दोन-चार गावांत मिळू शकते.

छोट्या बॉयलरमध्ये जळण दळावे लागत नाही. जाळीवर जळण टाकणाऱ्या किंवा वाळूच्या तरंगत्या थरात जाळणाऱ्या बॉयलरला मिश्र जळण सहज चालते, त्यामुळे बायोमासचे प्रमाण ५ टक्क्यांच्या बरेच पुढे नेता येते. काही बॉयलर तर पूर्णपणे ब्रिकेटवर चालतात.

सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात वाडी आणि मळखेड इथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. सिमेंटच्या भट्टीत तापमान १,४५० अंशांच्या आसपास जाते. तिथे जळणाची राख क्लिंकरमध्येच मिसळून जाते, त्यामुळे वेगळी राख उरत नाही. होटगीसारख्या ठिकाणी मात्र तयार क्लिंकर दळून सिमेंट बनते, तिथे अशी भट्टी नसते. सगळ्याच भट्ट्यांना तुराटी चालते असेही नाही. लोखंड वितळवणाऱ्या कपोला भट्टीत कोकला वरच्या लोखंडाचे वजन पेलावे लागते. ब्रिकेट त्या वजनाखाली चुरा होईल.

बॉयलरचे जळण बदलणे ही मालकाच्या मर्जीची गोष्ट नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जळणाचा प्रकार नमूद असतो. बॉयलरमध्ये रचनेचा बदल करायचा असेल तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परवानगी लागते.

कार्बनचा हिशेब : खरोखर फायदा होतो का?

तूर वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते. तुराटी जळली की तो परत हवेत जातो. हे चक्र एका हंगामाचे असते. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो नव्याने हवेत येतो. फायद्याचा मूळ मुद्दा हा आहे.

एक टन देशी कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे रोज हजार टन कोळसा वाचला, तर कोळशातून येणारा सुमारे दीड हजार टन वायू टळतो. त्यातून काड्या गोळा करणारा ट्रॅक्टर, वाहतुकीचे डिझेल, भुसा करणाऱ्या आणि दाबणाऱ्या यंत्राची वीज वजा करावी लागते. अंतर जितके कमी, तितका फायदा खरा. तीनशे किलोमीटरवरून आणलेल्या काडीचा हिशेब चाळीस किलोमीटरवरच्या काडीसारखा राहत नाही.

धुराचाही फरक आहे. बांधावर पेटवलेल्या ढिगाचा धूर थेट गावात जातो. वीज केंद्राच्या चिमणीआधी धूळ पकडणारी विद्युत यंत्रणा असते. छोट्या बॉयलरलाही धूळ अडवणारी साधने बसवलेली आणि चालू असतील, तरच हा फायदा मिळतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. ५ टक्के बायोमास वापरणाऱ्या केंद्रात ९५ टक्के कोळसाच जळतो. सहज्वलन हा कोळशाला पर्याय नाही. ते कोळसा थोडा कमी करण्याचे आणि शेतातल्या काडीला किंमत मिळवून देण्याचे साधन आहे.

काय जाळावे आणि काय जाळू नये?

शेतात उरलेली प्रत्येक गोष्ट कचरा नसते. दर मिळतो म्हणून सगळेच विकले गेले, तर नुकसान गावाचे होते.

• ज्वारीचा कडबा : हा चारा आहे. दुष्काळी सोलापूर जिल्ह्यात कडब्याची पेंढी दाण्याइतकीच मोलाची ठरते. तो भट्टीत जाता कामा नये.

• उसाचे पाचट : सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते आणि कुजून सेंद्रिय खत होते. ते पेटवणे चूक आणि सरसकट विकणेही परवडणारे नाही.

• सोयाबीनचे काड : याचा काही भाग जनावरे खातात, काही कंपोस्टला जातो. उरलेले विकता येते.

• कपाशीच्या पऱ्हाट्या : शेतात उभ्या राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. वेळेवर उपटून जळणाला देणे पिकाच्याही हिताचे.

• तुराट्या : जनावरे खात नाहीत, लवकर कुजत नाहीत. तुरीचा पाला शेतातच गळतो आणि मुळे जमिनीत राहतात, त्यामुळे काडी नेल्याने जमिनीचे नुकसान तुलनेने कमी. जळणासाठी त्यातल्या त्यात योग्य अवशेष हाच.

तरीही तुराटीचा एक वाटेकरी आधीपासून आहे. गॅस सिलिंडर घरात आला तरी पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला अनेक घरांत चूल पेटते. भूमिहीन कुटुंबातल्या बाया मालकाच्या शेतातून तुराट्या फुकट किंवा मजुरीचा भाग म्हणून आणतात. उद्या त्याच तुराट्यांना टनाचा दर आला, तर त्यांचे जळण कुठून येणार, हा प्रश्न दराच्या चर्चेत सहसा नसतो. गावात खरेदी केंद्र सुरू करताना उरलेल्या, म्हणजे खरोखर पेटवल्या जाणाऱ्या तुराट्या किती आहेत, हे आधी मोजणे म्हणूनच गरजेचे आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय पडते?

तुराटीची किंमत शेतात फार नसते. ती तयार होते वाटेत. काढणी आणि बांधणीची मजुरी, चिरणी, वाळवण, दाबणी, साठवण, वाहतूक असा टप्प्याटप्प्याने खर्च चढत जातो. भट्टीच्या दारात ठरलेल्या दरातून हे सगळे वजा झाल्यावर उरते ते शेतकऱ्याचे.

म्हणून एकट्या शेतकऱ्याने ट्रॉली भरून शहरात जाणे क्वचितच परवडते. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा गावातला एखादा उद्योजक यांनी चिरणी यंत्र आणि दाबणी यंत्र शेताजवळ आणले, तर बराच पैसा गावात राहतो. विक्रीच्या वेळी तीन गोष्टी कागदावर असाव्यात : दर कोणत्या ओलाव्यावर ठरला आहे, तपासणी कोण करणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार. खरेदीदाराशी एका हंगामापेक्षा मोठा करार असेल, तरच यंत्र आणि शेडसाठी काढलेले कर्ज फिटते.

थोडक्यात

कोळशात ५-७ टक्के बायोमास जाळण्याचे तंत्र आता सिद्ध झालेले आहे. भट्टीच्या आतला प्रश्न बराचसा सुटला आहे. शेतापासून भट्टीच्या दारापर्यंतच्या वाटेवर मात्र तो अजून बाकी आहे. काडी कोरडी, स्वच्छ आणि दाबलेली हवी, जवळच्या भट्टीला जायला हवी आणि चारा, खत व चूल यांचा वाटा बाजूला काढून मगच विकली जायला हवी. मैंदर्गीच्या शिवारातल्या तुराट्या १,३२० मेगावॅटच्या केंद्राची गरज भागवू शकणार नाहीत, पण सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या बॉयलरला त्या वर्षभर आधार देऊ शकतात. बांधावर पेटणारा ढीग कमी व्हायचा असेल, तर सुरुवात अशा जवळच्या आणि छोट्या भट्टीपासून करणे सोपे आहे.